बेळगाव-खानापूरच्या निसर्गाचे फोटो काढायला शिकताय? आधी कुणाचे फोटो बघायचे ते ठरवा

नवा कॅमेरा घेतलेला माणूस भेटला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: लेन्स कुठली घेऊ? मला वाटतं त्याच्या आधीचा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे. तुम्ही रोज कुणाचे फोटो बघता? डोळ्यांखालून जे सतत जातं, तसंच आपण नकळत काढायला लागतो. मोबाइलवर आपोआप येतात ते ताडोब्याचे वाघ, आफ्रिकेतले चित्ते, नाहीतर भडक रंग चढवलेले सूर्यास्त. ते बघून बघून टिळकवाडीतल्या किंवा नंदगडच्या पोराला वाटायला लागतं, आपल्याकडं काढण्यासारखं काही नाहीच.

हे अजिबात खरं नाही. म्हणून मी एकच कसोटी लावतो: ज्याचे फोटो बघितल्यावर आपल्याच शिवारात, आपल्याच तळ्यावर जाऊन नीट बघावंसं वाटतं, त्याचं काम धरून ठेवायचं. बाकी कितीही देखणं असलं तरी एकदा बघून पुढं जायचं. असे लोक शोधायचे कसे, पारखायचे कसे आणि त्यांच्याकडून शिकायचं कसं, ते टप्प्याटप्प्यानं सांगतो.

पहिलं काम: आपला पट्टा ओळखा

बेळगाव जिल्हा एकसारखा नाही. पश्चिमेला खानापूर तालुक्यात कणकुंबी-जांबोटीची दाट झाडी आणि चार महिने कोसळणारा पाऊस. मलप्रभा उगम पावते ती कणकुंबीला, म्हादईचा उगमही याच तालुक्यात देगावजवळ. तिथून शंभराहून जास्त किलोमीटर ईशान्येला गेलात की अथणीचा उघडा, कोरडा मुलूख लागतो. मध्ये ऊस, तंबाखू, जोंधळ्याची शेतं, घटप्रभा आणि कृष्णेचे काठ, हिडकलच्या धरणाचं पाणी.

त्यामुळं खानापूरच्या माणसानं बेडूक, बुरशी, फुलपाखरं आणि पावसाळी जंगल काढणाऱ्यांचं काम शोधावं. अथणी-रायबागकडच्यानं माळरानातले पक्षी, सरडे आणि मोकळ्या आभाळाचे फोटो काढणारे शोधावेत. निपाणी-चिकोडीकडं शेताच्या बांधावरचे पक्षी आणि नदीकाठ आहे. माळावर राहणाऱ्यानं फक्त सदाहरित जंगलाचे फोटो बघत बसणं म्हणजे स्वतःची उमेद स्वतःच मारणं.

शोध घराजवळून सुरू करा

गूगलवर 'बेस्ट नेचर फोटोग्राफर' असं टाकू नका. तीच ती दहा नावं वर येतात. त्याऐवजी ठिकाणावरून शोधा. त्यासाठी दोन जागा फार उपयोगी आहेत आणि दोन्ही फुकट आहेत.

एक, ईबर्ड. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षी-प्रयोगशाळेनं २००२ मध्ये सुरू केलेली ही नोंदवही आज जगभरचे पक्षीनिरीक्षक वापरतात. तिथं 'एक्सप्लोर'मध्ये जाऊन जिल्ह्याचं नाव टाका. बेळगावी आणि बेलगाम अशी दोन्ही स्पेलिंगं करून बघा. जिल्ह्यात नोंदलेल्या पक्ष्यांची यादी येते, आणि 'इलस्ट्रेटेड चेकलिस्ट' उघडली की त्याच यादीला फोटो जोडलेले दिसतात. 'बार चार्ट' उघडला तर कुठला पक्षी वर्षातल्या कुठल्या आठवड्यांत दिसतो हे हिरव्या पट्ट्यांवरून कळतं. आता एखादा फोटो आवडला की त्यावर टिचकी मारा. काढणाऱ्याचं नाव, तारीख आणि बहुतेक वेळा ठिकाणही दिसेल. त्या नावावरून त्याच माणसाचे बाकीचे फोटो उघडता येतात. असं करत गेलात की तुमच्याच भागात फिरणारे, तुमच्याच उजेडात काम करणारे लोक सापडतात. तो माणूस हिडकलच्या बांधावर पहाटे काय बघतो हे तुम्हाला कळणं, याची बरोबरी दुसरी कुठलीच शिकवणी करणार नाही.

दुसरी जागा आयनॅचरलिस्ट. २००८ मध्ये सुरू झालेल्या या व्यासपीठावर पक्षीच नव्हे, तर झाडं, किडे, कोळी, बुरशी, बेडूक असं सगळं नोंदवता येतं. तिथंही 'एक्सप्लोर'मध्ये ठिकाण टाका. वर चार भाग दिसतात. त्यातला 'ऑब्झर्व्हर्स' उघडा. या भागातून सर्वांत जास्त नोंदी कुणी टाकल्या ते क्रमानं समोर येतं. शेजारचा 'आयडेंटिफायर्स' भाग नवशिके बघतच नाहीत, पण तो आवर्जून बघा. इतरांच्या फोटोंवरून जीव ओळखून देणारे हे जाणकार असतात, आणि त्यांचे स्वतःचे फोटो दिसायला साधे असले तरी त्यातून शिकण्यासारखं खूप असतं. पानाच्या खालची बाजू का काढायची, कोळ्याच्या डोळ्यांची मांडणी का दिसली पाहिजे, हे त्यांच्याकडून कळतं.

आपल्याकडं याच भागातले कितीतरी चांगले छायाचित्रकार कन्नडमध्ये लिहितात, गोव्याकडचे कोकणी-इंग्रजीत, आंबोली-चंदगडकडचे मराठीत. भाषेमुळं कुणी सुटू नये म्हणून जीवाच्या शास्त्रीय नावानं शोधा. ते नाव ईबर्डवर किंवा आयनॅचरलिस्टवर त्या जीवाच्या पानावर दिलेलं असतं. तिथून उचलून शोधपट्टीत टाकलं की या सगळ्या भाषांतली माणसं एकत्र दिसतात.

मग थोडं लांब बघा

घराजवळची चार-पाच नावं हाताशी आली की देशातल्या जाणत्यांकडं वळा. कर्नाटकात निसर्ग छायाचित्रणाची परंपरा जुनी आणि भक्कम आहे. ई. हनुमंत राव आणि टी. एन. ए. पेरुमल यांनी फिल्मच्या काळात, एकेका क्लिकची किंमत मोजावी लागायची तेव्हा जे काम केलं, ते जरूर शोधून बघा. संडूरच्या घोरपडे घराण्यातले एम. वाय. घोरपडे कर्नाटकाचे अर्थमंत्री होते आणि त्याच वेळी रानातले उत्तम कृष्णधवल फोटो काढणारे होते. रंग काढून टाकल्यावर प्राण्याचा आकार, उजेड आणि सावली एवढंच उरतं, आणि रचना शिकायला तेवढंच पुरतं. मद्रासचे एम. कृष्णन हे आणखी एक नाव. १९५० पासून १९९६ मध्ये निधन होईपर्यंत त्यांचं सदर 'द स्टेट्समन'मध्ये येत राहिलं. फोटोसोबत चार ओळी कशा लिहाव्यात हे त्यांच्याकडून शिकावं. म्हैसूरच्या कृपाकर-सेनानी जोडीनं बंडीपूरच्या जंगलात वर्षानुवर्षं रानकुत्र्यांचा माग काढला. एकाच प्राण्याला इतका वेळ दिल्यावर काय हाती लागतं, ते त्यांच्या कामात दिसतं.

आजच्या काळातलं बघायचं तर बंगळूरचं 'नेचर इन फोकस' आणि 'कन्झर्वेशन इंडिया' या दोन ठिकाणी फोटोबरोबर त्यामागची गोष्टही असते. जगाच्या पातळीवर लंडनच्या नॅचरल हिस्ट्री म्युझियमची 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' ही स्पर्धा १९६५ पासून चालू आहे. तिथले निवडक फोटो संकेतस्थळावर बघता येतात. फोटोखालचा मजकूर वाचल्याशिवाय तिथून उठू नका. प्राणी काय करत होता, फोटो कसा मिळाला आणि कॅमेऱ्याची मांडणी काय होती, हे तिथं लिहिलेलं असतं.

कुणाला सोडून द्यायचं

नवशिक्याला हे कुणी सांगत नाही, म्हणून इथं जरा थांबतो.

घरट्यातल्या पिलांचे अगदी जवळून काढलेले फोटो जो वारंवार टाकतो, त्याला सोडा. घरट्यापाशी माणूस उभा राहिला की आई-बाप परत यायला कचरतात, पिलं उपाशी राहतात, आणि कावळ्याला घरट्याचा पत्ता लागतो. आडोशासाठी असलेली एखादी फांदी फोटोसाठी बाजूला सारली की पिलं थेट उन्हात येतात. उघड्या फांदीवर ओळीनं नीट बसवल्यासारखी पिलं दिसली, तर ती बहुधा खरोखरच बसवलेली असतात.

पानाची छत्री धरून बसलेला बेडूक, बेडकाच्या डोक्यावर गोगलगाय, सरडा जणू गिटार वाजवतोय, असले फोटो लाखो लोकांना आवडतात. निसर्गात बेडूक असं करत नाही. असे कितीतरी फोटो जनावराला थंड करून, दोऱ्यानं बांधून किंवा तारेनं आधार देऊन काढलेले असल्याचं उघड झालं आहे. मोठ्या पारितोषिकांनाही यातून सुटका नाही. वर सांगितलेल्या लंडनच्या स्पर्धेत २००९ चं मुख्य पारितोषिक फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याच्या फोटोला मिळालं होतं. तो लांडगा माणसाळलेला असावा असं परीक्षकांचं मत झालं आणि २०१० च्या सुरुवातीला ते पारितोषिक काढून घेण्यात आलं. आयोजकांनी हे लपवलं नाही, म्हणून त्या स्पर्धेवरचा माझा विश्वास वाढला.

आता यंत्रानं, म्हणजे एआयनं, बनवलेल्या चित्रांचीही भर पडली आहे. पक्ष्यांच्या बाबतीत मी आधी पायाकडं बघतो. बहुतेक फांदीवर बसणाऱ्या पक्ष्यांची तीन बोटं पुढं आणि एक मागं असतं. पोपट आणि सुतार पक्ष्याची दोन पुढं, दोन मागं. खंड्याची पुढची दोन बोटं बुडाशी जोडलेली असतात. यंत्र इथं पुष्कळदा चुकतं. फोटोखाली तारीख नाही, ठिकाण नाही, पक्ष्याचं नावही नाही, आणि रंग मात्र अविश्वसनीय, असं दिसलं की पुढं चला.

ठिकाण न सांगण्याबद्दल मात्र एक अपवाद लक्षात ठेवा. दुर्मीळ जीवाचं, घुबडाच्या ढोलीचं किंवा घरट्याचं नेमकं ठिकाण जो मुद्दाम सांगत नाही, तो जबाबदार माणूस. आयनॅचरलिस्टही संकटात असलेल्या जीवांची जागा नकाशावर आपोआप धूसर करतं.

आपल्या खानापूर तालुक्यातलंच उदाहरण घ्या. भीमगड अभयारण्य डिसेंबर २०११ मध्ये घोषित झालं, क्षेत्र सुमारे १९० चौरस किलोमीटर. तिथल्या बारापेडे गुहांमध्ये रॉटनचं मुक्तपुच्छ वटवाघूळ राहतं. या जातीचं शास्त्रीय वर्णन १९१३ मध्ये इथल्याच नमुन्यावरून झालं, आणि पुढची कित्येक दशकं जगात ती फक्त इथंच आहे असं मानलं जायचं. नंतर मेघालयात आणि कंबोडियात ती सापडली, तरी जगात तिची ठिकाणं बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. दिवसा झोपलेल्या त्या वसाहतीत शिरून फ्लॅश मारलेला फोटो मला कुणी कितीही अभिमानानं दाखवला, तरी त्याचं काम मी बघणार नाही. तुम्हीही बघू नये अशी कळकळीची विनंती आहे. आणि हे लक्षात असू द्या की वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ प्रमाणे अभयारण्यात जायला परवाना लागतो, छायाचित्रणासाठीसुद्धा. आधी वन खात्याकडं विचारा, मगच गाडी काढा.

एक फोटो नीट बघायचा म्हणजे काय

निवडलेल्या माणसाचे शंभर फोटो सरकवत जाऊ नका. एकच उघडा आणि दहा मिनिटं त्याच्याशी बसा. समजा वेडा राघू आहे, चोचीत मधमाशी आडवी धरलेली.

पहिलं, उजेड कुठून येतोय? पक्ष्याच्या डोळ्यात पांढरा ठिपका दिसतो, तो सूर्याचा. ठिपका कुठल्या बाजूला आहे त्यावरून सूर्य कुठं होता आणि काढणारा कुठं उभा होता हे काढता येतं. सावली मऊ आहे की कडक? मऊ असेल तर बहुधा सकाळी आठच्या आतली किंवा संध्याकाळची वेळ.

दुसरं, मागची हिरवळ इतकी सपाट, मखमली कशी? मागं शेत आहे, पण ते पक्ष्यापासून खूप लांब आहे. पक्षी जवळ आणि मागचं लांब, एवढ्यानंच पार्श्वभूमी विरघळते. यासाठी महागडी लेन्सच लागते असं नाही. तुम्ही चार पावलं डावीकडं सरकलात तरी मागचा खांब जाऊन ऊस येतो.

तिसरं, पक्षी काय करतोय? वेडा राघू एका ठरलेल्या जागेवरून उडतो, हवेत किडा धरतो आणि बहुतेक वेळा परत त्याच तारेवर येऊन बसतो. मग मधमाशी तारेवर आपटतो आणि तिचं पोट घासतो, म्हणजे नांगी आणि विष निघून जातं. हे कळलं की त्या फोटोमागची युक्तीही कळते: काढणारा पक्ष्यामागं पळाला नाही, तारेसमोर बसून राहिला. फोटोखाली शटरचा वेग, म्हणजे कॅमेऱ्यात उजेड किती वेळ आत येऊ दिला ते, लिहिलं असेल तर तेही बघा. उडता पक्षी गोठवायला साधारण एका सेकंदाचा सोळाशेवा भाग किंवा त्याहून कमी वेळ लागतो. बसलेल्याला पाचशेवा भागही पुरतो.

आता उठा आणि घरामागच्या तारेवर वेडा राघू शोधा. आपल्याकडं शेताकडेला जवळपास सगळीकडं तो आहे. तोच फोटो स्वतः काढून बघा. जमेल तेवढा जमेल, पण पुढच्या वेळी दुसऱ्याचा फोटो बघताना तुम्ही वेगळंच बघाल.

यादी आखूड ठेवा आणि महिन्याप्रमाणं बदला

इन्स्टाग्रामवर तुम्ही कुणाला धरलं आहे यापेक्षा यंत्राला काय दाखवायचं आहे तेच जास्त दिसतं. म्हणून आवडत्या माणसांची संकेतस्थळं ब्राउझरमध्ये वेगळ्या कप्प्यात खूण करून ठेवा, किंवा फीडलीसारख्या फीड रीडरमध्ये टाका. नवीन काही आलं की तिथं क्रमानं दिसतं. सात-आठ नावं पुष्कळ झाली. त्यातली निम्मी जवळची असावीत.

ऋतू बदलला की भर दुसऱ्या माणसांवर द्या. मे अखेर आणि जूनच्या तोंडाला काजवे आणि नवरंग काढणारे बघा. वळवाच्या सरी सुरू झाल्या की नवरंगाची शीळ ऐकू यायला लागते. पावसाळ्यात बेडकांवर काम करणारे. आंबोलीच्या कातळावरचा वाघासारख्या पट्ट्यांचा आंबोली टोड, ज्याची शास्त्रीय नोंद २००९ मध्ये झाली, तो बेळगावहून दीड-दोन तासांच्या वाटेवर आहे. पाऊस सुरू असताना कातळावरच्या डबक्यांत पाय टाकू नका, तिथं त्याची अंडी असतात. ऑक्टोबरात गवतफुलं आणि फुलपाखरं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी पाणपक्षी: गोकाक तालुक्यातल्या घटप्रभा पक्षी अभयारण्यात धुपदाळला कांड्या करकोचे थंडीत येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावर, पांगारा आणि पळस फुलतात, आणि नवशिक्यासाठी वर्षातला हाच काळ मला सर्वांत मोलाचा वाटतो. पान गळालेलं असतं, फुलांतला मकरंद प्यायला मैना, कोतवाल, बुलबुल, हळद्या असे सगळे एकाच झाडावर येतात, आणि झाड कुठं पळून जात नाही.

बाहेर पडा, आणि फोटोखाली लिहा

सुरुवात शहरातच करा. टिळकवाडीतल्या वॅक्सिन डेपोची जुनी झाडं आणि किल्ला तलावाचा काठ, सकाळी सात ते नऊ. तळ्यावर पाणकावळे आणि ढोकऱ्या माणसांना सरावलेल्या असतात, त्यामुळं जवळ बसू देतात. उभ्यानं काढू नका. गुडघ्यावर या, जमलं तर कॅमेरा पाण्याच्या पातळीपर्यंत खाली न्या. मोबाइल असेल तर पक्ष्यांचा नाद सोडून झाडाची साल, कोळ्याचं जाळं, पानावरचा किडा काढा. तिथं मोबाइल कॅमेऱ्याच्या तोडीस तोड काम करतो.

आपल्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागते, म्हणून परत आल्यावर कॅमेरा पुसून, सिलिका जेलच्या पुड्यांसह घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. कपाटातली कातडी पिशवी या हवेत धोक्याची.

काढलेला फोटो त्याच दिवशी आयनॅचरलिस्टवर टाका. जीव ओळखता आला नाही तरी चालेल, कुणी तरी ओळखून देतं. पक्षी असेल तर मर्लिन हे कॉर्नेलचंच ॲप फोटोवरून नाव सुचवतं, पण त्याचं उत्तर अंतिम मानू नका. यादीतल्या दुसऱ्या-तिसऱ्या नावाशीही ताडून बघा. फोटोखाली निदान एवढं लिहा: कोण, कुठं, कधी, काय करत होता. उदाहरणार्थ, 'शिक्रा, कंग्राळीजवळ मार्कंडेय नदीकाठ, जानेवारी, सकाळी साडेआठ. बाभळीवर बसून सरडा खात होता. सातभाईंचा थवा खालून ओरडत होता.'

ज्यांचं काम तुम्ही बघता त्यांना प्रश्न विचारायचा असेल तर अशाच नोंदीसह विचारा. 'सर, माझा फोटो कसा आहे?' याला 'छान' याखेरीज उत्तर येत नाही. 'पाठीमागून ऊन होतं, शिक्रा काळा पडला, मी नदीच्या पलीकडं जायला हवं होतं की उजेड वाढवायला हवा होता?' असं विचारलंत, तर जाणता माणूस वेळ काढून सविस्तर सांगतो.